समान हक्काच्या गोव्यात बाई सही करते ती कोणाच्या शब्दावर?

प्रश्न — अंत्रुजची वाचक

नमस्कार. फोंडा तालुक्यातल्या आमच्या गावात आम्हा बायकांचे एक छोटे वाचक मंडळ आहे. शनिवारी दुपारी जेवणे आटोपली की आम्ही दहा-बारा जणी वाचनालयात जमतो, एखादे पुस्तक थोडे थोडे मोठ्याने वाचतो आणि त्यावर बोलतो. गेले दोन महिने आम्ही ताराबाई शिंदे यांचा ‘स्त्री-पुरुष तुलना’ हा निबंध वाचत आहोत. १८८१ मध्ये सुरतेकडील विजयालक्ष्मी नावाच्या एका विधवेला स्वतःच्या नवजात मुलाला मारल्याबद्दल फाशीची शिक्षा सुनावली गेली. ती पुढे कमी झाली, पण त्या निमित्ताने सगळ्या स्त्रीजातीलाच दूषणे देणारे लिखाण सुरू झाले आणि त्याला उत्तर म्हणून बुलढाण्याच्या ताराबाईंनी १८८२ मध्ये हा निबंध छापून घेतला. नवरा मेला तर त्यात बाईचा काय दोष, आणि बाई मेल्यावर दहाव्या दिवशी दुसरी करून आणणाऱ्या पुरुषाला कोणी का बोलत नाही, हे त्या इतक्या सरळ भाषेत विचारतात की वाचणारीचा आवाज मध्येच थांबतो. ज्या गोष्टी, कादंबऱ्या आणि नाटके बाईला कपटी आणि चंचल ठरवतात, त्या लिहिणाऱ्यांनाही त्या जाब विचारतात, हे मला विशेष वाटले.

वाचनालयाचे काम पाहणारे एक वयस्कर गृहस्थ दारात उभे राहून ऐकत होते. ते सद्भावनेने म्हणाले, “हे सगळे घाटावरचे आणि जुन्या काळचे आहे. आपल्या गोव्यात पोर्तुगीजांच्या वेळेपासून मुलीला मुलाइतकाच वाटा आहे. इथल्या बाईला हे पुस्तक कशाला हवे?” मला त्यांना उत्तर देता आले नाही, कारण त्यांनी कायद्याबद्दल सांगितले ते खरेच आहे.

त्यानंतर चारच दिवसांनी माझ्या थोरल्या आत्याला घेऊन वडील नोंदणी कार्यालयात गेले आणि मीही सोबत होते. आजोबांच्या मागे राहिलेले घर आणि एक कुळागर, म्हणजे माड-पोफळींची बाग, यांच्यावरचा हक्क सोडल्याचा तो कागद होता. आत्या विधवा आहे, सत्तरीला आली आहे, आणि तिला चौथीपर्यंत शिकवलेले आहे. वाट पाहण्याच्या बाकावर ती पिशवी मांडीवर घेऊन बसली होती आणि पिशवीत आमच्यासाठी सोललेले गरे होते. आत बोलावणे आल्यावर वडील म्हणाले, “बाय, हांगा सय कर,” आणि जिथे पेन्सिलीने फुली केली होती तिथे तिने पाच पानांवर पाच सह्या केल्या. तिसऱ्या पानावर तिचे नाव रेघेबाहेर गेले, तेव्हा तिने कारकुनाकडे पाहून शाळेतल्या मुलीसारखी क्षमा मागितली. कागदात काय लिहिले आहे, हे कोणी वाचून दाखवले नाही आणि तिनेही विचारले नाही. घरी आल्यावर आईने तिची ओटी भरून साडी दिली. मी तिला एकटी गाठून विचारले, तेव्हा ती म्हणाली, “म्हाका कुळार जाय गो, शेत नाका.” म्हणजे मला माहेर हवे गं, शेत नको.

त्या कुळागरातला वाटा उद्या माझ्या भावाकडे आणि माझ्याकडे येणार आहे, म्हणजे आत्याच्या त्या पाच सह्यांची लाभार्थी मीही आहे, हे सांगितल्याशिवाय मला पुढे लिहिता येत नाही.

माझा प्रश्न असा आहे. आपल्या साहित्यात बाईच्या छळाची चित्रे पुष्कळ आहेत: केशवपन, जरठ-कुमारी विवाह, सासुरवास. पण माझ्या आत्यावर कोणी हात उगारलेला नाही. भाऊ तिच्यावर माया करतो, आणि ती आपण होऊन देते. असे देणे आपल्या गोष्टींमध्ये ‘त्याग’ म्हणून गौरवले जाते, आणि ते वाचतच आम्ही मोठ्या झालो. मग तिच्या सहीमागे कायदा होता, माया होती, की आम्ही वाचलेल्या आणि ऐकलेल्या गोष्टी होत्या? याला दडपणूक म्हणावे की म्हणू नये? धाकटी आत्या साखळीला असते आणि तिची सही पुढच्या महिन्यात व्हायची आहे, त्यामुळे हा प्रश्न माझ्यासाठी केवळ वाचनाचा राहिलेला नाही. जाणकारांनी कृपया लिहावे.

उत्तर — मडगावची वकील

ताई, आपण लिहिलेला प्रसंग मी गेली बावीस वर्षे महिन्यातून दोन-तीनदा तरी पाहत आले आहे. आधी त्या गृहस्थांच्या म्हणण्याचा विचार करते, कारण ते अर्धे खरे आहे आणि अर्ध्या खऱ्या गोष्टीला उत्तर देणे नेहमीच अवघड असते.

१८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा गोव्यात १८७० पासून लागू झाला, गोवामुक्तीनंतरही तो चालू राहिला, आणि वारशापुरता त्याचा भाग आता आपल्या विधानसभेने २०१२ मध्ये संमत केलेल्या कायद्यात आला आहे. त्याप्रमाणे मुलगा आणि मुलगी यांचा वाटा समान असतो, मृत्युपत्र करूनही आईवडिलांना निम्मी मालमत्ता मुलांच्या हातून काढून घेता येत नाही, आणि लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवराबायकोची सगळी मालमत्ता, वडिलोपार्जित धरून, दोघांची समाईक होते. देशाच्या इतर भागांत मुलींना जे फार उशिरा मिळाले ते इथल्या मुलींना कागदावर दीड शतकापूर्वीच मिळाले, याचा अभिमान वाटायला हरकत नाही.

पण त्याच कायद्याची दुसरी पाने आपण अभिमानाच्या वेळी उलटत नाही. जुन्या संहितेत बायको निम्म्याची मालकीण होती, तरी त्या समाईक मालमत्तेचा कारभार नवऱ्याकडे होता. जमीन विकायची झाली तरच तिची सही लागे, म्हणजे कायद्याला ती वर्षानुवर्षांत एकदाच, सहीच्या वेळी, आठवत असे. १८८० मध्ये गोव्यातील हिंदूंच्या रूढींची जी संहिता निघाली, तिने हिंदू पुरुषाला काही परिस्थितीत दुसरे लग्न करण्याची मुभा ठेवली. पहिल्या बायकोला पंचविसाव्या वर्षापर्यंत मूल झाले नाही, किंवा तीस वर्षे पुरी झाली तरी मुलगा झाला नाही, अशा त्या अटी होत्या. त्यासाठी पहिल्या बायकोची संमती आवश्यक होती. तिची संमती कशी घेतली जात असेल, हे आपण आपल्या आत्याबाईंच्या पाच सह्यांवरून ओळखू शकता. ही तरतूद आज व्यवहारात जवळजवळ मृत आहे, पण ती ज्या समाजाने मागून घेतली त्याच समाजाला आपण बाईला समान मानणारा समाज म्हणतो. तसेच कोमुनिदादीचे, म्हणजे गावाची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या संस्थेचे पाहा. तिचा सभासद, म्हणजे गावकार कोण, याचा वारसा पुरुषाकडून पुरुषाकडेच जातो. ज्या गावाची जमीन तिने नांगरणी-लावणीपासून मळणीपर्यंत राखली, त्या गावाची ती गावकार होत नाही.

आता सहीबद्दल. दोन सह्या अशा आहेत की ज्यांत गोव्याच्या बाईचे सर्वांत जास्त नुकसान होते. एक हक्क सोडल्याची आणि दुसरी लग्नाची. आपल्याकडे नागरी विवाहनोंदणी दोन टप्प्यांत होते. पहिली सही केवळ इरादा नोंदवण्याची असते, आणि मुदतीनंतर दुसरी सही झाल्यावरच लग्न कायद्याने पूर्ण होते. पहिल्या सहीनंतर हॉलमध्ये मंगलाष्टके होतात, पाहुणे जेवून जातात, बाई चार वर्षे संसार करते, एक मूल होते, आणि तो माणूस सोडून गेल्यावर ती माझ्यासमोर बसते तेव्हा कळते की दुसरी सही झालेलीच नाही. तिच्या अंगावर मंगळसूत्र असते आणि कायद्याच्या दृष्टीने तिचे लग्न झालेले नसते. अशी एक मुलगी माझ्या टेबलासमोर बसून पाच मिनिटे काहीच बोलली नाही, फक्त त्या पहिल्या सहीच्या झेरॉक्सवरची घडी बोटाने सरळ करत राहिली. समान हक्काचा कायदा त्या घडीपाशी येऊन थांबला होता.

आपण विचारले आहे की याला दडपणूक म्हणावे का. मी न्यायालयात जो निकष लावते तोच सांगते. एखाद्या व्यक्तीला ‘नाही’ म्हटल्यावर काय गमवावे लागेल, ते आधी पाहावे. आपल्या वडिलांनी सही केली नसती तर त्यांना काही गमवावे लागले नसते. आत्याबाईंनी केली नसती तर त्यांचे माहेर, चवथीचे (गणेशचतुर्थीचे) बोलावणे आणि म्हातारपणी दार उघडे असल्याचा दिलासा हे सगळे पणाला लागले असते, किंवा लागेल असे त्यांना वाटत होते. जिथे एकाच बाजूच्या नकाराला किंमत मोजावी लागते, तिथल्या होकाराला मी स्वेच्छा म्हणत नाही. त्यात माया असते हे मला मान्य आहे, आणि मायेमुळेच हे बोलून दाखवणे इतके कठीण होते.

धाकट्या आत्याबाईंसाठी व्यवहाराचे सांगते. त्या विवाहित असतील आणि यजमान हयात असतील, तर वारसा सोडण्याला त्यांच्या यजमानांचीही संमती लागते, तेव्हा दोघांशीही बोला. कागदाचा मसुदा आठ दिवस आधी मागून घ्या. मालमत्तेची यादी, सर्व्हे क्रमांकांसह, त्यात आहे का ते पाहा. हक्क पूर्ण सोडण्याऐवजी घरात हयातभर राहण्याचा हक्क राखून ठेवता येतो का, मोबदला घेता येतो का, हे वेगळ्या वकिलाला विचारा, भावाच्या वकिलाला नाही. माझ्याकडे बाई सहीसाठी आली की मी बाकीच्यांना बाहेर बसवते आणि तिला कोकणीत सगळा कागद वाचून दाखवते. दहातल्या आठ जणी तरीही सही करतात. पण त्या काय सोडत आहेत हे त्यांना ठाऊक असते, आणि उरलेल्या दोघींसाठी मी हे करत राहते.

उत्तर — कलावंत घरातील लेक

वरचे उत्तर वाचून मला माझ्या पणजीबद्दल लिहावेसे वाटले. ती एका देवस्थानाच्या सेवेतल्या कलावंत घराण्यात जन्मली. आमच्या घरात जमीन, दागिने आणि घर आईकडून मुलीकडे येत असे. मुलगी झाली की पेढे वाटत. म्हणजे आपण ज्या समान वाट्याबद्दल बोलत आहात, त्याच्या पुढची पायरी आमच्याकडे होती. तरीही माझ्या पणजीला कोणी स्वतंत्र म्हणाले नाही आणि ती स्वतंत्र नव्हतीही. तिचे बालपणीच देवाच्या नावाने ‘शेंस’, म्हणजे लग्नाचा विधी झाला, त्यात खरा नवरा नव्हता, आणि पुढे तिने कोणाच्या आश्रयाने राहायचे हे इतरांनी ठरवले. मालमत्ता तिच्या नावावर होती आणि देह मात्र नव्हता. म्हणून फक्त वाट्याच्या हिशेबाने बाईचे स्वातंत्र्य मोजू नये, असे मला वाटते.

आपला मूळ प्रश्न साहित्याचा आहे. आमच्या बायकांवर मराठीत आणि कोकणीत पुष्कळ लिहिले गेले. बा. भ. बोरकरांनी १९५० मध्ये ‘भावीण’ ही कादंबरी लिहिली. करुणेने लिहिणारे होते, नुसते रसिकतेने लिहिणारेही होते, आणि आमच्या आज्यांच्या गळ्यावर व डोळ्यांवर लिहिणारे तर कितीतरी होते. त्या सगळ्या लिखाणात भाविणीचे, म्हणजे देवळाच्या सेवेतल्या बाईचे, दुःख सुंदर दिसते. समईच्या उजेडात उभी राहिलेली, हातात दिवली घेतलेली, डोळ्यांत पाणी असलेली बाई वाचकाला आवडते. पालखीच्या रात्री पहाटेपर्यंत ताटकळून पोटऱ्या कशा भरून येतात, हे त्या पानांत मला कधी सापडले नाही. ते मी माझ्या आजीकडून ऐकले आहे, आणि तिला ते तिच्या आईने सांगितले होते. ती खोबरेल कोमट करून आईच्या पोटऱ्या चोळत असे आणि आई झोपेत दचकून ‘येतें, येतें’ म्हणत असे.

माझे स्पष्ट मत असे आहे की दुःख सुंदर करून दाखवणे हाही दडपणुकीचा एक प्रकार आहे, कारण ज्याचे सौंदर्य वाटते ते थांबवावेसे वाटत नाही.

आमच्या समाजाने ते थांबवले, ते आतून. पैंगीणच्या राजाराम रंगोजी पैंगीणकरांनी आयुष्य वेचले आणि ‘मी कोण?’ या नावाने आत्मचरित्र लिहिले. पोर्तुगीज शासनाने मुली देवाला वाहण्याच्या प्रथेला १९३० मध्ये कायद्याने बंदी घातली, पण कायद्याच्या आधी आणि नंतर घरोघरी जाऊन मुलींना शाळेत घालण्याचे, त्यांची लग्ने लावण्याचे काम समाजाने केले. वेगवेगळी हिणवणारी नावे टाकून ‘गोमंतक मराठा’ हे एक नाव घेतले. ज्या वर्गाला लग्नाच्या पंगतीत बसू देत नव्हते, त्याच वर्गातल्या दयानंद बांदोडकरांना मुक्त गोव्याने पहिला मुख्यमंत्री केले आणि १९७३ मध्ये त्यांच्या कन्या शशिकलाताई काकोडकर मुख्यमंत्री झाल्या. केरीच्या केसरबाई केरकरांचा आवाज १९७७ मध्ये व्हॉयेजर यानाबरोबर अवकाशात गेला. हे सांगताना माझी मान ताठ होते. परंतु पैंगीणकरांचे आत्मचरित्र हे पुरुषाचे आहे. माझ्या पणजीच्या पिढीतल्या एखाद्या बाईने स्वतः लिहिलेले पुस्तक मी लहानपणापासून शोधत आहे. तिला हजार चिजा तोंडपाठ होत्या, पण स्वतःबद्दल लिहायला तिला कोणी पाटी दिली नाही.

उत्तर — डिचोलीचे निवृत्त शिक्षक

मी मराठी शिकवण्यात ३१ वर्षे घालवली आहेत. वरील भगिनींच्या म्हणण्याचा आदर ठेवून एक मतभेद नोंदवतो. दुःखाचे करुण चित्रण वाचकाला निष्क्रिय करते, हे नेहमीच खरे नाही. बाबा पदमनजींनी १८५७ मध्ये ‘यमुनापर्यटन’ लिहून विधवांचे हाल मांडले. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ १८९० पासून ‘करमणूक’मधून क्रमशः येऊ लागली आणि यमूच्या केशवपनाचा प्रसंग वाचून त्या पिढीतल्या पुरुषांनी, आयुष्यात प्रथमच, आपल्या घरातल्या माजघराकडे वळून पाहिले. ती करुणा नसती तर सुधारकांच्या भाषणांना कान मिळाले नसते. मी स्वतः सोळाव्या वर्षी ती कादंबरी वाचली आणि अंगणात बसलेल्या माझ्या लाल आलवणातल्या आजेआत्येला प्रथमच नाव विचारले. तोवर मी तिला ‘सोवळी आत्या’ एवढेच म्हणत होतो. तिने नाव सांगितले, आणि ते उच्चारताना तीच अडखळली.

मात्र एका गोष्टीत मी सहमत आहे. सही कोणाची, हा प्रश्न साहित्यालाही विचारावा लागतो. ताराबाईंनी १८८२ मध्ये स्वतःच्या नावाने लिहिले. त्यांच्यावर टीका झाली, जोतीराव फुल्यांनी त्यांची बाजू घेतली, पण त्यांनी पुन्हा काही छापल्याचे दिसत नाही आणि तो निबंधच विस्मरणात गेला, तो १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी पुन्हा छापेपर्यंत. १९३३ मध्ये ‘कळ्यांचे निःश्वास’ आले, तेव्हा शिकलेल्या, कमावत्या अविवाहित मुलींची घुसमट लिहिणाऱ्या लेखिकेला ‘विभावरी शिरूरकर’ हे नाव घ्यावे लागले, आणि ही बाई कोण याचा शोध घेण्यात लोकांनी जी शक्ती खर्च केली ती तिने काय लिहिले आहे हे समजून घेण्यात केली नाही. पन्नास वर्षांनंतर पाऊल पुढे पडायला हवे होते, ते नावापुरते मागे पडले. मिळकतीच्या कागदावर बाईची सही हवी आणि पुस्तकावर नको, असा तो समाज होता.

वर्गात मी ‘त्याग’ हा विषय निबंधाला देत असे. मुली आईवर लिहीत, मुलगेही आईवरच लिहीत. इतक्या वर्षांत एकाही वहीत वडिलांच्या किंवा भावाच्या त्यागावरचा निबंध मला आठवत नाही, आणि मीही ते विषय देणे थांबवले नाही. ताईंनी विचारले आहे की सहीमागे गोष्टी होत्या का. माझ्यासारख्यांनी शिकवलेले धडे त्या सहीमागे होते, असे मी प्रांजळपणे सांगतो.

उत्तर — पेडण्याची

थोडक्यात लिहिते. बायकांनी स्वतः काही म्हटलेच नाही असे समजू नका. पौषात आमच्या वाड्यावर धालो होतात. रात्री मांडावर, म्हणजे धालोच्या ठरलेल्या जागेवर, बायका दोन रांगांत समोरासमोर उभ्या राहून गातात, एक रांग म्हणते ते दुसरी झेलते, आणि पुरुषांनी तिथे यायचे नसते. शेवटच्या दिवशी सोंगे असतात. माझी काकी, जी एरवी दिवसभरात चार शब्द बोलत नसे, ती डोक्याला मुंडासे बांधून दारुड्या नवऱ्याचे सोंग आणायची आणि सगळ्या वाड्यासमोर स्वतःच्या घरात काय चालते ते दाखवायची. मी लहान होते, हसत होते. माझी आई हसत नव्हती हे मला मोठेपणी आठवले. त्या काकीचे कुठलेही पुस्तक नाही, आणि महाविद्यालयातले अभ्यासक येतात ते गाण्यांची चाल ध्वनिमुद्रित करून नेतात. सोंगात ती काय सांगत होती हे कोणी लिहून घेतले नाही. आपल्या मंडळात जात्यावरच्या ओव्या आणि धालो आठवणाऱ्या बायका असतील तर पुस्तकाइतकाच वेळ त्यांना द्या.

उत्तर — कुवेतहून

मी सासष्टीची, इथे रुग्णालयात नोकरी करते. दामोदर मावजो यांची १९८१ ची कोकणी कादंबरी ‘कार्मेलीन’ मी इथे येऊन वाचली. घर सावरण्यासाठी आया म्हणून कुवेतला आलेल्या बाईची ती गोष्ट आहे. आमच्या शेजारणी अशाच आल्या होत्या. गावात त्यांच्या पैशांवर बाल्कनीची घरे उभी राहिली आणि त्याच घरांच्या बाल्कनीत बसून लोक त्यांच्या चारित्र्याबद्दल बोलले. कमावती झाली म्हणजे बाई सुटली, असे मानणाऱ्यांनी ते जरूर ध्यानात घ्यावे. मी दर महिन्याला पाठवते त्या पैशांतून घेतलेला फ्लॅट कोणाच्या नावावर आहे, हे वकीलबाईंचे उत्तर वाचल्यानंतर मी काल फोन करून विचारले. उत्तर येईपर्यंत पलीकडे बराच वेळ शांतता होती. ‘मागीर सांगतां,’ म्हणजे नंतर सांगतो, असे भाऊ म्हणाला.

प्रश्नकर्तीचे उत्तर — अंत्रुजची वाचक

सर्वांची मनापासून आभारी आहे. सगळ्यांना वेगळे उत्तर देत नाही, पण दोन गोष्टी कळवायच्या आहेत.

गेल्या शनिवारी मी ही उत्तरे मंडळात वाचून दाखवली. वकीलबाईंचा निकष, म्हणजे नकार दिला तर कोणाला काय गमवावे लागते, हा सगळ्यांनाच पटला असे नाही. एक जण म्हणाली की भावाबहिणीत असा हिशेब मांडायला लागलो तर घर कोर्ट होईल. तिच्या म्हणण्यात तथ्य आहे असे मलाही वाटते, परंतु मग दुसरी एक जण, जी आजवर कधीच बोलली नव्हती, ती म्हणाली, “हिशेब मांडला नाही म्हणून घर घर राहिले का? माझी सही घेतल्यावर तिसऱ्या वर्षीपासून मला चवथीला बोलावणे नाही.” त्यानंतर एकेक जण सांगू लागली. आम्ही दहा जणी होतो आणि आमच्यातल्या सात जणींनी हक्क सोडल्याच्या कागदावर सही केलेली आहे. त्यांतल्या एकीनेही कागद वाचलेला नव्हता. दारात उभे राहणारे ते गृहस्थ त्या दिवशी खुर्ची घेऊन आत बसले होते. ते काही बोलले नाहीत, पण जाताना त्यांनी ताराबाईंचे पुस्तक घरी न्यायला मागितले.

दुसरी गोष्ट घरातली आहे. मी वडिलांना विचारले की थोरल्या आत्याला कागद वाचून का दाखवला नाही. ते रागावले नाहीत. ते बराच वेळ पानाचा डबा उघडून बसले आणि म्हणाले, “मलाही कोणी वाचून दाखवला नव्हता.” मग आम्ही दोघांनी मिळून तो कागद काढला आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. त्यात आजोबांच्या घराबरोबर माडांचा एक तुकडाही होता, जो या कागदात आहे हे आत्याला, आईला किंवा मला ठाऊक नव्हते. तो तुकडा आत्याच्या लग्नाआधीपासून ती शिंपत असे, असे वडिलांनी आपण होऊन सांगितले.

धाकटी आत्या रविवारी साखळीहून येत आहे आणि तिचे यजमानही सोबत येतील. मसुदा आजच मागून आणला आहे. मी तो कोकणीत वाचून दाखवणार आहे, आणि वडील म्हणाले आहेत की त्या वेळी ते बाहेर कुळागरात थांबतील. थोरल्या आत्यालाही त्या दिवशी बोलावले आहे. तिने फोनवर एवढेच विचारले की आता पुन्हा सही करावी लागेल का, आणि मी तिला सांगितले की नाही, यावेळी फक्त ऐकायला ये.